वाद्यवृंदाचे सूत्रधार प्राध्यापक एर्नेस्ट आन्सर्मे

आपल्या वार्षिक स्मरणिकेत थोरांची जी चरित्रे येतात ती बहुधा आपल्याच भूमीत जन्मलेल्या आणि आपलीच भाषा बोललेल्या स्त्रीपुरुषांची असतात, आणि ते उचितच आहे. प्रस्तुत लेखात मात्र एका परदेशीय गृहस्थांचे चरित्र निवेदन करावयाचे योजिले आहे, आणि त्यास कारणही तसेच आहे. आपल्या अनेक सभासद कुटुंबांत प्रतिवर्षी जूनच्या सुमारास एक प्रश्न उभा राहतो. मुलगी गणितात व शास्त्रविषयांत उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झालेली असते, परंतु तिचा गळाही गोड असतो. मुलगा विज्ञानशाखेस जाण्यास सर्वस्वी योग्य असतो, परंतु त्याचा हात तबल्यावर चांगला बसलेला असतो. वडीलधारी मंडळी सांगतात की, शिक्षण पोटासाठी आणि गाणे फावल्या वेळासाठी. या सल्ल्यामागे माया असते, अनुभवही असतो. तथापि या दोन वाटा खरोखरच एकमेकींपासून इतक्या दूर आहेत काय, याचा विचार करण्यास स्वित्झर्लंडमधील एर्नेस्ट आन्सर्मे यांचे जीवन फार उपयोगी पडण्यासारखे आहे. पदार्थविज्ञान व गणित यांची पदवी घेऊन त्यांनी गणिताचे अध्यापन केले. ती स्थिर वृत्ती सोडून ते संगीतात शिरले. जवळजवळ अर्धशतक त्यांनी एक वाद्यवृंद सांभाळला. आणि उतारवयात पुन्हा गणिताचा आधार घेऊन संगीताचे मूळ शोधू पाहिले. त्यांच्या यशातून जसा बोध घेण्यासारखा आहे, तसाच त्यांच्या प्रमादांतूनही आहे.

प्रथम वाद्यवृंदसंचालक म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. आपल्या मैफलीत गायक हाच नायक असतो. तंबोरा, तबला, पेटी ही त्याच्या साथीला असतात, आणि रागाचा विस्तार तो त्या त्या क्षणी आपल्या प्रतिभेने करीत जातो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रीत निराळी. तेथे साठ, ऐंशी, प्रसंगी शंभर वादक एकत्र बसतात. रचनाकाराने प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधीच लिहून ठेवलेला असतो. वादकासमोर असतो तो केवळ त्याच्या वाद्यापुरता भाग. सर्व वाद्यांचा एकत्रित स्वरलेख फक्त संचालकासमोर असतो. तो स्वतः एकही वाद्य वाजवीत नाही. हातातील लहानशा कांडीने तो लय दाखवितो, कोणी केव्हा उठावे, कोणी केव्हा नमते घ्यावे हे सुचवितो, आणि शंभर माणसांच्या श्वासातून एकच आकृती उभी करतो. आपल्या संस्कृत नाटकातील सूत्रधाराची उपमा त्यास काहीशी लागू पडते. भेद इतकाच की, हा सूत्रधार नाटक संपेपर्यंत रंगभूमी सोडीत नाही आणि एक शब्दही बोलत नाही.

आन्सर्मे यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८३ रोजी जिनिव्हा सरोवराच्या काठी असलेल्या व्हेव्हे या गावी झाला. स्वित्झर्लंडचा हा पश्चिम भाग फ्रेंचभाषिक असून त्यास रोमांद असे म्हणतात. वडील भूमापनाच्या व्यवसायात होते. जमिनीची मोजणी करणाऱ्याच्या घरी रेखा, कोन आणि अंक यांचा परिचय बालपणीच व्हावा यात नवल नाही. गणिताचे पहिले धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. पुढे लोझान येथील विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञान व गणित हे विषय घेतले आणि १९०३ मध्ये पदवी संपादन केली. त्यानंतर काही काळ पॅरिस येथे अध्ययन करून ते लोझानला परतले व गणिताचे अध्यापन करू लागले. फ्रेंचभाषिक देशांत विद्यापीठपूर्व विद्यालयातील अध्यापकासही प्राध्यापक ही संज्ञा आदराने लावतात. अशा रीतीने विशीच्या उत्तरार्धात प्राध्यापकपद, मान आणि नियमित वेतन ही सर्व त्यांच्या पदरी होती. बहुतेक चरित्रे येथे स्थिरावतात.

परंतु अध्ययन व अध्यापन चालू असतानाच संगीताची साधनाही अखंड सुरू होती. लोझानमध्ये आलेक्सांद्र देनेरेआ यांच्याकडे आणि पुढे जिनिव्हाचे सुविख्यात रचनाकार एर्नेस्ट ब्लॉख यांच्याकडे त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. ब्लॉख यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे; ते पुढे एका वेगळ्या कारणाने पुन्हा येणार आहे. संचालनाची कला ग्रंथातून येत नाही, ती पाहून व ऐकूनच घ्यावी लागते, हे जाणून आन्सर्मे जर्मनीत गेले आणि आर्थर निकिश, फेलिक्स मोट्ल, फेलिक्स वाइनगार्टनर यांच्यासारख्या थोर संचालकांच्या कार्यपद्धतीचे त्यांनी निरीक्षण केले. प्रयोगशाळेत शिकलेल्या विद्यार्थ्याने निरीक्षणास किती महत्त्व दिले, हे येथे दिसून येते.

१९१२ साली सरोवराच्या काठावरील मोंत्र या विश्रामस्थळी त्यांनी तेथील वाद्यवृंदाचे संचालन हाती घेतले. वयाच्या तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ज्या वयात इतर लोक बढतीची वाट पाहतात त्या वयात, या गृहस्थांनी फळ्यावरचा खडू ठेवून हाती कांडी घेतली. मोंत्र हे काही कलेचे मोठे पीठ नव्हते. हवापालटासाठी येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांचे मनोरंजन करणे हे तेथील वाद्यवृंदाचे मुख्य काम. पण अशा ठिकाणी जवळजवळ रोज वाजवावे लागते, नवनवे स्वरलेख थोड्या वेळात बसवावे लागतात, आणि नवशिक्या संचालकास याहून चांगली शाळा मिळणार नाही.

दैवयोग असा की, मोंत्रला लागूनच असलेल्या क्लारां या वस्तीत त्या सुमारास एक तरुण रशियन रचनाकार येऊन राहत असत. त्यांचे नाव इगोर स्त्राविन्स्की. ज्या नृत्यसंगीताने १९१३ च्या मे महिन्यात पॅरिसच्या नाट्यगृहात प्रचंड गोंधळ माजविला, त्या ‘वसंतविधी’ या कृतीचा बराचसा भाग क्लारां येथेच लिहिला गेला. दोघांचा परिचय झाला आणि त्याचे लवकरच मैत्रीत रूपांतर झाले. स्त्राविन्स्की यांच्या संगीतातील अडचण आपल्या वाचकांना तालाच्या भाषेत सांगता येईल. आपल्याकडे एकदा त्रिताल धरला की अखेरपर्यंत सोळा मात्रांचे आवर्तन चालते. सम कोठे येणार हे श्रोत्यालाही ठाऊक असते. आता अशी कल्पना करावी की, पहिले आवर्तन रूपकाचे, लगेच पुढचे दादऱ्याचे, त्यानंतरचे झपतालाचे, आणि पुढे काय येणार याचा काहीच नियम नाही; शिवाय हे शंभर वादकांनी एकाच वेळी, न चुकता पार पाडावयाचे आहे. जुन्या वळणाच्या संचालकांना हे संगीत म्हणजे केवळ अराजक वाटे. आन्सर्मे यांना त्यात रचना दिसली. अवघड समीकरण पाहून न घाबरता त्याचे अवयव पाडावयाचे, ही गणिताध्यापकाची सवय त्यांच्या कामी आली असली पाहिजे.

स्त्राविन्स्की यांच्याच शिफारशीवरून १९१५ मध्ये सेर्गेई दियागिलेव्ह यांनी आपल्या ‘बॅले रूस’ या जगप्रसिद्ध नृत्यमंडळीचे संगीतसंचालन आन्सर्मे यांच्याकडे सोपविले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते आणि ही मंडळी तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये आश्रयास आली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात जिनिव्हा येथे रेड क्रॉसच्या साहाय्यार्थ झालेल्या प्रयोगाने या सहकार्यास आरंभ झाला. १९१६ मध्ये आन्सर्मे मंडळीसमवेत अमेरिकेस गेले. त्याच दौऱ्यात त्यांच्या संचालनाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. पुढील वर्षी दक्षिण अमेरिकेचा दौरा झाला. मे १९१७ मध्ये पॅरिस येथे एरिक साती यांच्या ‘पराद’ या नृत्यकृतीचा पहिला प्रयोग त्यांनी संचालित केला. तिच्या संगीतात टंकलेखन यंत्र आणि भोंगा यांचाही समावेश होता, तर नेपथ्य व वेषभूषा पाब्लो पिकासो यांची होती. जुलै १९१९ मध्ये लंडन येथे मान्युएल दे फाया यांची ‘तिकोनी टोपी’, मे १९२० मध्ये पॅरिस येथे स्त्राविन्स्की यांची ‘पुल्चिनेल्ला’, आणि जून १९२३ मध्ये चार पियानो, गायकवृंद व तालवाद्ये यांच्यासाठी लिहिलेली ‘लग्नसोहळा’ ही त्यांची अपूर्व कृती, या सर्वांचे पहिले प्रयोग आन्सर्मे यांच्याच हातून झाले. कालचा गणितशिक्षक दहा वर्षांच्या आत युरोपातील नव्या संगीताचा एक प्रमुख वाहक झाला होता.

युद्धकाळातील एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. युद्धामुळे कलावंतांचे उत्पन्न थांबले, मोठे वाद्यवृंद परवडेनासे झाले. तेव्हा स्त्राविन्स्की आणि लेखक रामू यांनी गावोगाव नेता येईल अशी एक लहानशी कृती योजिली. केवळ सात वादक, थोडे नट व नर्तक आणि एक निवेदक यांची ही ‘सैनिकाची कथा’ व्हर्नर राइनहार्ट या उदार गृहस्थांच्या आर्थिक साहाय्याने २८ सप्टेंबर १९१८ रोजी लोझान येथे आन्सर्मे यांच्या संचालनाखाली सादर झाली. गाडीतून गावोगाव जाण्याचा बेत मात्र इन्फ्लुएंझाच्या भयंकर साथीने उधळून लावला. आपल्या देशातही त्याच साथीने त्या वर्षी घरेच्या घरे ओस पाडली, हे वृद्धांच्या तोंडून अनेक कुटुंबांत ऐकले गेले असेल.

याच वर्षी आन्सर्मे यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य आरंभिले. फ्रेंचभाषिक स्वित्झर्लंडला स्वतःचा असा कायमचा, मोठ्या योग्यतेचा वाद्यवृंद नव्हता. पॉल लाशनाल यांच्या सहकार्याने त्यांनी ‘ऑर्केस्ट्र द ला स्वीस रोमांद’ ही संस्था स्थापिली आणि युद्धविरामानंतर अवघ्या काही दिवसांनी, नोव्हेंबर १९१८ च्या अखेरीस, जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया सभागृहात तिचा पहिला कार्यक्रम झाला. आरंभी ४८ वादक होते आणि वर्षातून सहा महिनेच त्यांना काम मिळे. त्यांपैकी सुमारे एक पंचमांशच स्वित्झर्लंडचे रहिवासी होते. उरलेले ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, इटली इत्यादी देशांतून आणावे लागले. कालपर्यंत ज्या राष्ट्रांचे सैनिक एकमेकांवर तोफा डागीत होते, त्या राष्ट्रांचे वादक येथे एका कांडीकडे पाहून वाजवू लागले. स्थानिक मुलांना शिकवून तयार करण्याचे काम चिकाटीने चालले आणि १९४६ पर्यंत प्रमाण नेमके उलट होऊन पाचांतील चार वादक स्वदेशी झाले. या एका आकड्यात अठ्ठावीस वर्षांचे परिश्रम साठविलेले आहेत.

संस्था काढणे सोपे आणि चालविणे कठीण, हे आपणांस कोणी सांगावयास नको. १९३४-३५ च्या सुमारास आर्थिक अडचणीमुळे हा वाद्यवृंद चक्क बंद पडला. नभोवाणीचा तो उदयकाळ होता. लोझानच्या नभोवाणीचा वेगळा वाद्यवृंद उभा राहिला होता आणि एवढ्याशा प्रदेशात दोन वृंदांस पोसण्याइतका पैसा नव्हता. आन्सर्मे यांनी हार मानली नाही, तसेच नभोवाणीस शत्रू मानून हटवादही केला नाही. १९३८ मध्ये लोझानचा वृंद आपल्यात सामावून घेऊन त्यांनी जुन्याच नावाने संस्था पुन्हा उभी केली. ज्या नव्या यंत्रामुळे सभागृहे ओस पडतील अशी भीती होती, त्याच यंत्राचा आश्रय घेऊन त्यांनी वादकांची पोटे भरली. दरम्यानच्या काळात ते अर्जेंटिनात ब्वेनोस आयरेस येथे अनेक ऋतू संचालनास जात, पॅरिसमध्येही काम करीत; परंतु जिनिव्हाची जबाबदारी त्यांनी सोडली नाही. अधिक धन आणि अधिक कीर्ती देणारी नगरे त्यांना अप्राप्य नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्ठेचे मोल कळते.

त्यांच्या कानाचा मोकळेपणा दाखविणारी एक घटना १९१९ ची आहे. लंडनमध्ये त्या वर्षी अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचा एक वृंद आला होता. जॅझ या संगीतप्रकारास युरोपातील सुशिक्षित समाज तेव्हा नाचगाण्याची करमणूक समजत असे. आन्सर्मे हे कार्यक्रम पुनःपुन्हा ऐकण्यास गेले आणि त्या वृंदातील सिडनी बेशे नावाच्या तरुण क्लॅरिनेटवादकाच्या प्रतिभेने थक्क झाले. स्वदेशी परतून त्यांनी एका नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला व या अज्ञात तरुणास असामान्य कलावंत ठरविले. जॅझविषयी एखाद्या विद्वान संगीतज्ञाने गांभीर्याने लिहिलेल्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. बेशे पुढे जगद्विख्यात झाले. वर्ण, देश आणि दारिद्र्य यांचे पडदे बाजूस सारून केवळ स्वराकडे पाहण्याची ही शक्ती त्या काळी किती दुर्मीळ होती, हे सांगावयास नको.

स्त्राविन्स्की यांच्याशी असलेला स्नेह मात्र पुढे दुखावला गेला. डिसेंबर १९३० मध्ये ब्रसेल्स येथे त्यांच्या ‘स्तोत्रांची सिंफनी’ या कृतीचे जगातील पहिले सादरीकरण आन्सर्मे यांनीच केले होते. पण १९३७ मध्ये ‘पत्त्यांचा डाव’ या नृत्यसंगीतातील काही भाग सादरीकरणात गाळावा असे आन्सर्मे यांना वाटले, आणि रचनाकारास ते अजिबात सहन झाले नाही. जो संचालक आयुष्यभर लिहिलेल्या प्रत्येक स्वराशी प्रामाणिक राहिला, त्यानेच कात्री हाती घ्यावी, याचा स्त्राविन्स्की यांना संताप आला. पंचवीस वर्षांची मैत्री तुटली. तरीही त्यांच्या कृती वाजविणे आन्सर्मे यांनी थांबविले नाही. १९४८ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात स्त्राविन्स्की यांच्या ‘मास’ या धार्मिक रचनेचे पहिले सादरीकरण त्यांच्याच हातून झाले. मतभेद झाला म्हणून दुसऱ्याच्या कामाचा मान कमी करावयाचा नाही, हा गुण संस्थांतून काम करणाऱ्यांनी अवश्य घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे नाव ध्वनिमुद्रिकांच्या द्वारे जगभर गेले. १९४६ मध्ये लंडनच्या वाद्यवृंदासह त्यांनी डेक्का कंपनीसाठी मुद्रित केलेली ‘पेत्रुश्का’ ही कृती आवाजाच्या स्पष्टतेमुळे फार गाजली. मे १९५४ मध्ये जिनिव्हाच्या व्हिक्टोरिया सभागृहात रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या ‘अंतर’ या रचनेचे मुद्रण झाले, ते डेक्काच्या स्टिरिओ मुद्रणाचा आरंभ म्हणून ओळखले जाते. दोन्ही कानांस वेगवेगळा ध्वनी मिळाला म्हणजे श्रोत्यास दिशेचे भान येते व वाद्ये डावीउजवीकडे पसरलेली जाणवतात. ध्वनिशास्त्र जाणणाऱ्या संचालकास या प्रयोगात रस वाटावा हे स्वाभाविकच होते. दब्यूसी, राव्हेल आणि रशियन रचनाकार यांच्या त्यांनी मुद्रित केलेल्या कृती श्रोते आजही आवडीने ऐकतात. त्यांचा वाद्यवृंद बर्लिन वा व्हिएन्ना येथील वृंदांइतका घोटीव नव्हता असे जाणकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू यावे आणि तरीही सर्वांचे मिळून एकच चित्र व्हावे, हा जो तोल आन्सर्मे साधीत, तो पैशाने विकत घेता येण्यासारखा नव्हता.

स्वदेशीय रचनाकारांना त्यांनी मोठा आधार दिला. जिनिव्हाचे फ्रांक मार्तँ यांनीही तरुणपणी आईवडिलांच्या इच्छेखातर गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला होता. तो अर्धवट सोडून ते संगीताकडे वळले. त्यांच्या अनेक कृती प्रथम आन्सर्मे यांनीच लोकांसमोर आणल्या, आणि आन्सर्मे यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त मार्तँ यांनी ‘चार तत्त्वे’ ही वाद्यवृंदरचना लिहिली. १९६३ मध्ये रेड क्रॉसच्या शताब्दीनिमित्त इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटन यांनी लिहिलेली कृती जिनिव्हा येथे प्रथम सादर करण्याचा मानही आन्सर्मे यांनाच मिळाला.

आता त्यांच्या उतारवयातील ग्रंथाकडे वळले पाहिजे. १९६१ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी मानवी जाणिवेतील संगीताच्या अधिष्ठानाविषयी एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. गणित, ध्वनिशास्त्र आणि जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांचे तत्त्वज्ञान यांची त्यात सांगड घातली आहे. त्यामागील एक मूळ कल्पना आपल्या वाचकांनाही समजण्यासारखी आहे. तंबोऱ्याच्या षड्जाची सेकंदास १०० कंपने मानली, तर पंचमाची १५० आणि तार षड्जाची २०० होतात. षड्जापासून पंचम दीडपट, पंचमापासून तार षड्ज एक पूर्णांक एक तृतीयांश पट; आणि या दोहोंचा गुणाकार बरोबर दोन. कंपनांच्या जगात गुणाकार होतो, कानाला मात्र एका पायरीवर दुसरी पायरी रचल्यासारखी बेरीज ऐकू येते. गुणाकाराची बेरीज करण्याचे गणितातील साधन म्हणजे लॉगॅरिदम. मनुष्याची श्रवणजाणीव या रीतीनेच स्वरांची नाती ओळखते, पंचम व मध्यम ही त्या नात्यांची मुळे आहेत, आणि म्हणून ज्या संगीतात कोणताही आधारस्वर नाही त्यास अर्थच असू शकत नाही, असे प्रतिपादन आन्सर्मे यांनी केले. त्यांचा रोख आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या बारा स्वरांच्या पद्धतीवर होता. तीत सप्तकातील बाराही स्वरांना समान स्थान असते. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, तेथे षड्जच नसतो.

या ग्रंथाचा पहिला भाग मननीय आहे. निष्कर्षापाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. कान स्वर कसे ओळखतो हे गणित सांगू शकते. उद्याच्या मनुष्यास कोणत्या संगीतात अर्थ सापडेल, हे ते कसे सांगणार? ज्या नव्या संगीतास जुन्या पंडितांनी अराजक म्हटले, त्यात रचना पाहणारे आन्सर्मे म्हातारपणी स्वतःच त्या पंडितांच्या रांगेत जाऊन बसले. त्याहूनही दुःखद गोष्ट अशी की, याच ग्रंथात त्यांनी ज्यू समाजाविषयी अत्यंत अन्याय्य विधाने केली, आणि त्या समाजाच्या संगीतप्रतिभेत जन्मतःच काही उणेपण असल्याचे सूचित केले. नाझी राजवटीने लक्षावधी ज्यू लोकांचा संहार केल्यास तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. वर ज्यांचे नाव ध्यानात ठेवण्यास सांगितले, ते त्यांचे गुरू एर्नेस्ट ब्लॉख ज्यूच होते. तारुण्यात सिडनी बेशे यांच्या ठायी केवळ कलावंत पाहणाऱ्या या पुरुषास वार्धक्यात मनुष्याची प्रतिभा त्याच्या कुळावरून मोजावीशी वाटली, हा त्यांच्या चरित्रावरील डाग होय. तो झाकून ठेवणे उचित नाही. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तर त्याचा उल्लेख अगत्याने व्हावयास हवा. आपल्या कुळाचा अभिमान बाळगणे निराळे, आणि दुसऱ्याच्या कुळाकडे बोट दाखवून त्याची योग्यता ठरविणे निराळे. गणिताचे आणि तत्त्वज्ञानाचे एवढे पांडित्यही मनुष्यास या दुसऱ्या गोष्टीपासून वाचवू शकत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

१९६७ मध्ये, म्हणजे जवळजवळ एकोणपन्नास वर्षांनंतर, त्यांनी वाद्यवृंदाची सूत्रे पॉल क्लेत्स्की यांच्या हाती दिली. क्लेत्स्की हे पोलंडमध्ये जन्मलेले, आणि ज्यू. ग्रंथातील आन्सर्मे यांची मते काहीही असोत, त्यांनी निर्माण केलेल्या संस्थेने आपला दुसरा प्रमुख निवडताना केवळ योग्यता पाहिली. मनुष्याने उभारलेली संस्था कधी कधी त्या मनुष्याहून मोठ्या मनाची ठरते, हे त्या संस्थापकाचेच भाग्य म्हणावयाचे. निवृत्तीनंतरही आन्सर्मे स्वस्थ बसले नाहीत. १९६८ च्या अखेरीस, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, त्यांनी लंडन येथे स्त्राविन्स्की यांच्या ‘अग्निपक्षी’ या संपूर्ण नृत्यसंगीताचे मुद्रण केले. त्या वेळच्या तालमीचेही ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ज्या मित्राशी तीस वर्षांपूर्वी बेबनाव झाला, त्याच्याच संगीतातील बारकावे हा वृद्ध अध्यापक तरुण वादकांना त्यात पुनःपुन्हा समजावून सांगत आहे. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २० फेब्रुवारी १९६९ रोजी, जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचा वाद्यवृंद आजही त्याच नगरीत कार्य करीत आहे.

या चरित्रावरून कोणी असा अर्थ घेऊ नये की, प्रत्येक हुशार विद्यार्थ्याने नोकरी सोडून संगीतात उडी घ्यावी. आन्सर्मे यांनी नोकरी सोडली ती अनेक वर्षे दोन्ही विद्या एकत्र जोपासल्यानंतर, गुरूंकडे शिकून, थोरांचे काम जवळून पाहून. गणिताचे शिक्षण त्यांचे फुकट गेले नाही. अवघड ताल उलगडण्यात आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रयोगांत त्याचा उपयोग झाला असला पाहिजे. आपल्या घरातील एखाद्या मुलामुलीस दोन्हीकडे ओढ असेल, तर वडीलधाऱ्यांनी एक विद्या मोडून दुसरी उभारण्याची घाई करू नये. दोन्हींस चांगला गुरू मिळवून द्यावा आणि काही वर्षे थांबावे. पुढची वाट कोणती, हे त्या मुलास त्या वेळी आपोआप कळेल. आणि ती वाट कोणतीही असो, तीवरून चालताना दुसऱ्याच्या प्रतिभेकडे पाहण्याची १९१९ मधील आन्सर्मे यांची दृष्टी त्याने अखेरपर्यंत जपावी, एवढीच या निमित्ताने सर्व ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे.